सदतिसावा दोष

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे. सुरुवातीला पाठीमागे, मग तोंडावर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ते नाव तिच्या कानावर आलं तेव्हा रागवावं की हसावं हे तिला कळेना, आणि शेवटी हसूच आलं, कारण नाव मापं घेऊन शिवल्यासारखं बसलं होतं. चुका शोधणं हेच तिचं काम होतं आणि तिच्या हातून सहसा काही निसटत नसे.

कंपनी कॉम्प्युटरच्या चिप बनवायची. बनवायची म्हणजे आराखडे करायची. खऱ्या चिप कुठल्याशा लांबच्या कारखान्यात तयार होऊन यायच्या. तिच्या सासूबाई शेजारणींना ‘सून चिप्सच्या कंपनीत आहे’ असं सांगायच्या, आणि शेजारणी बरीच वर्षं फुकटच्या पाकिटांची वाट बघत होत्या. नखाएवढ्या तुकड्यात कोट्यवधी बारीक बटणं असतात, आणि ती एकदा सिलिकॉनवर उमटली की तिथे खोडरबर चालत नाही. चूक राहिली तर ती लाखो चिपमध्ये तशीच्या तशी राहते. म्हणून आराखडा कारखान्याकडे रवाना करण्याआधी तो कॉम्प्युटरवर लुटुपुटीचा चालवून बघायचा, त्याला हर तऱ्हेनं छळायचं, नको त्या वेळी नको ते हुकूम द्यायचे आणि तो कुठे अडखळतो ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. हे छळण्याचं काम तिचं. आणि ज्याचा आराखडा छळायचा, तो मिस्त्री.

मिस्त्री तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. आडनाव वेगळंच होतं, पण तो आराखड्याला ‘बांधकाम’ म्हणायचा, म्हणून मिस्त्री. चिपमधल्या कुठल्या भागानं कधी जागं व्हायचं आणि कधी झोपायचं, हे ठरवणारा भाग त्याच्याकडे होता. त्या काळी या कामाला कोणी विचारत नसे. कॉम्प्युटरला वीज भिंतीतून मिळते, ती वाचवायची कशाला? पण मिस्त्रीला विजेचं वेडच होतं. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तो बंद करणारच. एकदा त्यानं असाच बाथरूमचा दिवा बंद केला आणि आत मोठे साहेब होते. त्यानंतर महिनाभर तो जिना चढून यायचा, लिफ्टमध्ये साहेब भेटतील या भीतीनं.

दररोज दुपारी चारच्या सुमाराला ती तिची चिठ्ठी घेऊन त्याच्या टेबलाशी जायची. दिवसभरात सापडलेले दोष त्यावर ओळीनं लिहिलेले असायचे. मिस्त्रीचं बांधकाम देखणं असायचं, पण त्याची एक खोड होती. दोन गोष्टी नेमक्या एकाच क्षणी घडतील, हे त्याच्या मनात यायचंच नाही.

“मिस्त्री, दोघं एकदम आले तर?”

“कोण दोघं?”

“झोपायचा हुकूम आणि उठायचा हुकूम. एकाच क्षणी.”

“तसं कधी होत नाही.”

“होतं. काल रात्रभर चालवलं त्यात तीनदा झालं.”

मग तो खुर्ची मागे ढकलून छताकडे बघायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, आणि तासाभरानं तिच्या खोलीच्या दारात उभा राहायचा. “केलंय. आता या म्हणावं दोघांना एकदम.” ती परत छळायची. कधी तो जिंकायचा, कधी ती. भांडण इतकं रंगायचं की नव्यानं आलेल्या लोकांना वाटे, आता यांचं बोलणं बंद होणार. पहिली दोन वर्षं ती त्याला ‘अहो’ म्हणत होती. एका भांडणाच्या भरात ‘अरे, तुला कळत कसं नाही!’ असं तोंडून निघालं, आणि ते दोघांनाही इतकं बरं वाटलं की परत ‘अहो’ आलंच नाही.

घरी तिचा नवरा औषधाचं दुकान बघायचा. शांत माणूस. जेवताना ती ऑफिसातलं सांगू लागली की तो विचारायचा, “काय म्हणतोय आज तुझा मिस्त्री?” त्यात टोमणा नव्हता. त्यालाही ते नाव घरातल्यासारखं झालं होतं. या मैत्रीला काय म्हणायचं, हे तिनं कधी स्वतःलाही विचारलं नाही. मिस्त्रीच्या घरी ती बारा वर्षांत दोनदा गेली असेल. दोघांच्या बोलण्यात कामाशिवाय दुसरं काही नसायचं, आणि त्या एकाच विषयावर ते जन्मभर बोलू शकले असते.

नवव्या वर्षी मिस्त्रीनं साहेबांपुढे एक छोटी चिप मांडली. कॉम्प्युटरसाठी नव्हे, फोनसाठी. साहेब म्हणाले, “फोनला एवढं डोकं कशाला? फोन बोलायला असतो.” तरी त्यांनी सहा माणसं दिली आणि सामान ठेवायची एक खोली रिकामी करून दिली. खोलीला खिडकी नव्हती. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास काही केल्या जात नव्हता. तीन वर्षं ती सहा माणसं त्या खोलीत बसली. चाळणीला पुढे आयुष्यात कधीही ‘चांगले दिवस’ हे शब्द ऐकू आले की ती खोलीच डोळ्यांपुढे यायची. चिप इतकी कमी वीज खायची की पहिल्यांदा आकडा बघून तिला वाटलं मोजमाप चुकलंय, आणि तिनं ते चार वेळा परत केलं. चौथ्यांदा मिस्त्री म्हणाला, “आता तरी विश्वास ठेव, बाई.”

मग एका सोमवारी साहेबांनी ते काम बंद केलं. कॉम्प्युटरची नवी मोठी चिप मागे पडली होती, बाजारात दुसरी कंपनी पुढे निघाली होती, आणि सगळे हात तिकडे हवे होते. खोलीत परत खोकी आली. मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून मोठ्या चिपच्या कामाला बसला. चाळणीनं मात्र छोट्या चिपची तपासणी बंद केली नाही. कोणी विचारत नव्हतं, मशीन रिकामं होतं, म्हणून ती रोज संध्याकाळी घरी निघताना ती चालू करून जायची. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या झाडांना पाणी घालत राहावं, तसं.

तिसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, तिला त्यात एक दोष सापडला. अगदी मिस्त्रीच्या पठडीतला. झोपायचा हुकूम आणि जागं करणारी हाक एकाच ठोक्याला आली तर तो भाग ना झोपायचा, ना उठायचा. मधेच अडकून बसायचा आणि मग कोणाला म्हणून ओ द्यायचा नाही. तिला हसू फुटलं. तिनं चिठ्ठी लिहिली, सोमवारी चार वाजता घेऊन जायची म्हणून. काम बंद पडलं असलं तरी भांडायला काय हरकत?

सोमवारी अकरा वाजता मिस्त्रीनं व्हरांड्यात चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं की तो नोकरी सोडतोय. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक नवी कंपनी निघाली होती, फक्त फोनच्या चिप करणारी, आणि तो तिथे चालला होता. पंधरा-सोळा माणसं उभी होती. चाळणी त्यांच्यातच होती, हातात कप घेऊन. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तो जातोय याचं नव्हे. सगळ्यांच्या बरोबर कळल्याचं.

दुपारी चारला ती गेली नाही. साडेचारला तोच आला.

“तिकडे तपासणीला माणूस लागणार आहे. मी तुझं नाव सांगितलंय. येतेस?”

“मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“सही होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं लिहून घेतलं होतं त्यांनी.”

“मी त्या ‘कोणा’पैकी होते?”

तो दाराच्या चौकटीला नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, “मग? येतेस?”

“नाही,” ती म्हणाली. “इथली मोठी चिप अर्धी तपासून झालीय. मला अर्ध्यात सोडता येत नाही.”

शेवटचं वाक्य त्याला लागावं म्हणूनच बोललेलं होतं, आणि ते लागलं. चिठ्ठी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. ती तिनं दिली नाही. चिप बंदच पडली आहे, आता दोष सांगून काय उपयोग, असं तिनं मनाला समजावलं. खरं कारण तिला माहीत होतं. ती रुसली होती.

चारच दिवसांत कायदा विभागाचं पत्र आलं. पलीकडच्या कंपनीत गेलेल्यांशी कामाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. सगळ्यांनी सही करून द्या. तिकडे मिस्त्रीकडूनही तसंच लिहून घेतलं होतं. सुरुवातीला त्यानं दोन-तीनदा फोन केला. कसं चाललंय, बरं चाललंय, तुमच्याकडे काय, आमच्याकडेही बरं. विषयच काढून घेतल्यावर दोघं इतके परके वाटू लागले की फोन आपोआप थांबले.

दोन वर्षांनी पलीकडच्यांची चिप बाजारात आली आणि बघता बघता लोकांच्या खिशात जाऊन बसली. चिप करणाऱ्या कंपन्या आपल्या चिपमधल्या सापडलेल्या दोषांची यादी छापतात, म्हणजे ती वापरून फोन बनवणाऱ्यांना सांभाळून राहता येतं. ती यादी कोणालाही बघायला मिळते. चाळणीनं ती उघडली. यादीवर नावं नसतात, नुसते नंबर असतात: अमुक झालं तर तमुक होतं, त्यावर उपाय असा. पण पंधराव्या-सोळाव्या ओळीला ती थांबली आणि परत पहिल्यापासून वाचू लागली. हे त्याचं बांधकाम होतं. कारखान्यात बनलेल्या वस्तूत ती एका माणसाची सवय वाचत होती. त्यानं काही चोरून नेलं नव्हतं, सगळं नव्यानं केलं होतं, पण डोकं तेच होतं. ‘अरे, इथे परत तेच केलंस,’ असं ती एका जागी मोठ्यानं म्हणाली आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस वळून बघू लागला.

मग सदतिसावा नंबर आला. झोपायचा हुकूम आणि जागं करणारी हाक एकाच क्षणी आल्यास तो भाग प्रतिसाद देणं थांबवतो. फोन बंद करून परत चालू करावा लागतो.

पर्समधली चिठ्ठी अजून तिथेच होती. तिनं ती काढून पडद्याशेजारी धरली. शब्द थोडे वेगळे, दोष तोच. त्या आठवड्यात फोन गोठत असल्याच्या तक्रारी बातम्यांतही आल्या. त्या सोमवारी चिठ्ठी त्याच्या टेबलावर ठेवली असती, तर ती गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली असती, आणि तिकडे त्यानं ती सांभाळली असती. आता तिकडे त्याला कोणी काय बोललं असेल? त्याची खुर्ची तर गेली नसेल? फोन करून विचारायची सोय नव्हती. सही केलेली होती. त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, तुझ्या एका चिठ्ठीनं काय झालं असतं?” तिला ते पटलं नाही, आणि नवऱ्याला समजावता आलं नाही.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी नवी यादी आली की ती दार लावून वाचायची. लोक जुन्या माणसांचे फोटो काढून बघतात, तसं तिचं झालं. यादीतून तिला कळायचं की मिस्त्री अजून तिथे आहे. एका वर्षी दोष एकदम वेगळेच दिसू लागले, नीटनेटके, कोरडे, त्याच्यासारखे मुळीच नाहीत, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. पुढच्या यादीत परत ‘एकाच क्षणी’ हे शब्द दिसले आणि तिला हायसं वाटलं. कोणाच्या चुकीनं इतका आनंद होऊ नये, हेही तिला कळत होतं.

मधल्या काळात दोघं फक्त एकदा भेटले. मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जुन्या सगळ्यांना बोलावलं होतं. मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते. इकडची कायदा विभागाची बाई आणि तिकडचा एक व्यवस्थापक, दोघंही जवळच उभे होते. चाळणी आणि मिस्त्री सात-आठ मिनिटं बोलले. गुडघे, गाडी लावायला जागा न मिळणं, तिच्या मुलीचं कॉलेज. जाताना तो म्हणाला, “बाकी काय, चाललंय ना?” ती म्हणाली, “चाललंय.” घरी येऊन ती कपडे न बदलता बराच वेळ पलंगावर बसून राहिली.

चाललं मात्र नव्हतं. लोक कॉम्प्युटर घ्यायचे थांबले नाहीत, पण आधीचाच आठ-आठ वर्षं वापरू लागले. नवं घ्यायचं ते फोनमध्ये. कंपनीनं आधी चौथा मजला सोडला, मग दुसरा. मग नव्या साहेबांना जाग आली की आपणही फोनची चिप करायला हवी. जुन्या कपाटातून मिस्त्रीची छोटी चिप बाहेर काढली गेली आणि तपासणी अर्थातच चाळणीकडे आली. आराखड्यात ठिकठिकाणी त्याच्या नोंदी होत्या. ‘इथे ती ओरडणार आहे, आधीच नीट कर,’ असं एका ठिकाणी त्यानं स्वतःलाच लिहून ठेवलेलं सापडलं. ती ओळ ती कितीतरी वेळ बघत बसली. तिनं तो जुना दोष दुरुस्त करून घेतला, आणि चिप बिनचूक तयार झाली, पण नऊ वर्षं उशिरा. जो फोनवाला ती घेणार होता, त्यानं ऐन वेळी हात वर केले. पुढच्या वर्षी उरलेल्या दोन मजल्यांनाही कुलूप लागलं. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

पलीकडचे जिंकले, असं सगळे म्हणाले. पण तेही तीन-चार वर्षंच. त्यांच्या चिपवर मोठे झालेले फोनवाले एके दिवशी म्हणाले, आम्हीच आमची चिप करू, तुमची गरज नाही. पलीकडची कंपनी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. दोषांची यादी येणं थांबलं. ज्या महिन्यात ती यायची, त्या महिन्यात चाळणी सवयीनं उघडून बघायची. पान असायचं, पण त्यावर जुनीच तारीख.

तिला एक छोटी नोकरी मिळाली. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, नऊ माणसं, आणि काम कानाच्या यंत्राच्या चिपचं. ज्याचा आराखडा ती छळायची तो तरुण दुसऱ्या देशात बसलेला होता. ती दोष लिहून पाठवायची. तो तिकडून अंगठ्याचं चित्र पाठवायचा आणि गुपचूप दुरुस्त करायचा. हुशार होता, नम्र होता. तिच्याशी एकदाही भांडला नाही.

चौपन्नाव्या वर्षी तिला जुन्या ऑफिसातल्या स्टोअरकीपरकडून कळलं की मिस्त्री निवृत्त होऊन थोरल्या बहिणीजवळ राहतो. बायको गेल्यावर तो तिथे राहायला गेला होता. बायको गेल्याचंही तिला तेव्हाच कळलं. तिनं पत्ता लिहून घेतला. त्या सह्या ज्यांच्यासाठी केल्या होत्या, त्या दोन्ही कंपन्या आता नव्हत्या. बोलायला कोणाची बंदी नव्हती. तरी जायला तिला पाच आठवडे लागले.

पहिला मजला, अरुंद जिना. दार त्यानंच उघडलं. अंगात लोकरीची बंडी, हातात मटाराच्या शेंगांचं भांडं.

“ओळखलंत का?” ती म्हणाली.

“ओळखलंत?” मिस्त्री म्हणाला. “तू कधीपासून मला अहोजाहो करायला लागलीस?”

आत खिडकीशी त्याची बहीण बसली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ, ऐकायला जवळजवळ न येणारी. तिनं पाहुणीकडे बघून मान हलवली आणि शेंगा सोलत राहिली. मिस्त्रीनं चहा केला. तिनं त्याच्या बायकोबद्दल विचारलं; त्यानं सांगितलं, दोन-चार वाक्यांत. चाळणीनं पर्स मांडीवर घेतली.

“मला एक सांगायचंय. फार दिवसांचं आहे. सदतीस नंबर.”

“काय सदतीस?”

“तुझ्या पहिल्या फोनच्या चिपची यादी. सदतिसावा दोष.”

मिस्त्रीनं डोळे बारीक केले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला. “आठवत नाही गं.”

“फोन गोठायचे बघ. झोपायचा हुकूम आणि हाक एकदम आली की. बातम्यांत आलं होतं.”

“हां, ते होय! सॉफ्टवेअरवाल्यांनी तीन ओळी घातल्या. दुपारच्या आत मिटलं.”

“तुला कोणी काही बोललं नाही?”

“मला? कशाला? तेव्हा तर आम्ही सगळे हवेत होतो.”

तिनं चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. त्यानं चष्मा लावून वाचली, तारीख बघितली, आणि तिच्याकडे बघितलं. तिनं सांगितलं: तो शुक्रवार, तो सोमवार, व्हरांड्यातला चहा. वर्षानुवर्षं यादीत त्याला वाचणं मात्र सांगितलं नाही. ते तोंडाशी येऊन राहिलं.

“अगं वेडे,” मिस्त्री म्हणाला, “तू ही दिली असतीस तरी मी तिकडे जाऊन परत तेच केलं असतं. बारा वर्षं सांगत होतीस, तेव्हा कुठे सुधारलो?” आणि त्यानं चिठ्ठी घडी घालून तिला परत दिली.

तिला मोकळं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं जे उराशी धरून ठेवलं होतं, ते त्यानं दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं, आणि आता रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला समजेना. तिनं कप उचलला. तो रिकामा होता.

मग त्यानं विचारलं, सध्या काय करतेस, आणि तिनं कानाच्या यंत्राचं सांगितलं. मिस्त्रीनं बहिणीकडे बघितलं. “हिचं यंत्र त्या खणात पडलंय. बॅटरी सारखी संपते म्हणून घालत नाही. तुमचं किती दिवस चालतं?”

“नऊ.”

“ऐकण्यासारखं काही नसेल तेव्हा झोपवता का त्याला?”

“कान झोपवून कसं चालेल? हाक कधी येईल सांगता येतं का?”

“पूर्ण नको. अर्धा झोपव. एक बारीकसा भाग नुसता दारावर बसव, आवाज आला की तो बाकीच्यांना उठवील.” त्यानं वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीनं दोन चौकोन काढले, मध्ये बाण काढला. “हा पहारेकरी. हा घरमालक.”

“आणि पहारेकरी झोपायला जाताना दार वाजलं तर?”

“तसं कधी—” म्हणून तो थांबला, आणि खुर्ची मागे ढकलून छताकडे बघू लागला.

दहा-बारा मिनिटं ते तसे बोलले. आवाज चढले. तिनं त्याच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली, त्यानं ती परत घेतली. तिच्या मनात आलं की आता हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं, आणि तेवढ्यात बहिणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली होती. मिस्त्री ओळ अर्धीच ठेवून उठला. बहिणीची मान मागे टेकवली, थेंब मोजले, रुमालानं गाल पुसला. फार हळुवार करत होता. परत आला तेव्हा त्यानं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं आणि मटाराचं भांडं जवळ ओढलं. चाळणी वाट बघत होती. तो शेंगा सोलू लागला.

“विसरलो गं मी ते सगळं,” तो म्हणाला. “खरं सांगू का, बरं वाटतं विसरून.”

ती निघाली तेव्हा बहिणीनं मोठ्यानं विचारलं, “ही कोण?”

“माझ्या चुका काढायची!” मिस्त्री ओरडून म्हणाला.

“सून?”

“चुका! चुका काढायची! ऑफिसात!”

बहिणीनं चाळणीला नीट न्याहाळलं. “ऑफिस सुटून इतकी वर्षं झाली,” ती म्हणाली, “आणि ही घरापर्यंत आली?”

तिघंही हसले. जिना उतरतानाही चाळणी हसत होती. खाली रस्त्यावर आल्यावर तिला थोडा वेळ कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. त्याला भेटून आली होती तरी त्याची आठवण थांबत नव्हती.

पहारेकऱ्याची कल्पना तिनं पुढच्याच आठवड्यात ऑफिसात मांडली. लांबच्या त्या तरुणानं अंगठा पाठवला आणि बांधकाम केलं. तिनं ते सात महिने छळलं. चिप कारखान्यातून आली तेव्हा बॅटरी तेरा दिवस चालली. पहिल्या खेपेतलं एक यंत्र तिनं मिस्त्रीच्या बहिणीसाठी मागून घेतलं आणि पोस्टानं पाठवलं. पंधरा दिवस वाट बघून, एका रविवारी सकाळी, तिनंच फोन लावला.

“झकास चालतंय,” मिस्त्री म्हणाला. “पण तू माझी पंचाईत केलीस. आता ताईला सगळं ऐकू येतं. काल मी स्वयंपाकघरात पुटपुटलो तर बाहेरून उत्तर आलं.”

ती हसली. त्यानं तिच्या नवऱ्याची चौकशी केली, मुलीची केली. गुडघ्याला कुठलं मलम चांगलं ते विचारलं. तिनं नवऱ्याला हाक मारून नाव विचारलं आणि त्याला सांगितलं. त्यानं लिहून घेतलं, स्पेलिंग परत विचारलं.

“बरं मग,” तो म्हणाला. “ठेवू?”

किती दोष निघाले, एवढं तो विचारील असं तिला वाटत होतं. चौदा निघाले होते, आणि त्यातले दोन त्याला फार आवडले असते. यादी समोर घेऊनच तिनं फोन लावला होता.

“ठेव,” ती म्हणाली. “ताईंना नमस्कार सांग.”